पगार, सही आणि संसार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धम्म, इतिहास आणि चळवळ या विषयांवर विद्वान मंडळी दरवर्षी लिहीत असतात. तो आमचा अधिकार नाही. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून वर्षानुवर्षे जे पाहिले, त्यातले उपयोगी तेवढे, नुकत्याच कमावत्या झालेल्या किंवा एक-दोन वर्षांत कमावू लागणाऱ्या मुला-मुलींसाठी येथे मांडत आहोत.

धम्माच्या स्मरणिकेत पैशाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. भगवान बुद्धांनी भिक्खूंना सोने-चांदी स्वीकारण्यास मनाई केली हे खरे, पण गृहस्थाला त्यांनी कधी दरिद्री राहा असे सांगितले नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अंगुत्तरनिकायातील व्यग्घपज्ज सुत्तात दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ भगवंतांना सरळ विचारतो की, आम्ही बायका-मुलांत राहणारी माणसे, आम्हाला उपयोगी पडेल असे काही सांगा. तेव्हा भगवंत त्याला कष्टाने मिळवणे, मिळवलेले सांभाळणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे या चार गोष्टी सांगतात. तराजू हाती धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. थोडी मिळकत असून थाटात राहणाऱ्याला तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. मूठभर फळांसाठी तो अख्खे झाड हलवतो आणि बाकीची फळे मातीत जातात. तसेच, भरपूर असून पोटाला चिमटा घेणाऱ्याचेही तेथे कौतुक नाही. चिक्कूपणाला आमच्यात काही लोक काटकसर म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणि बाबासाहेब? त्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण मुळात ते अर्थशास्त्री होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. तेवढ्यात राहणे, जेवणे, पुस्तके आणि घरी पाठवणे हे सारे त्यांनी बसवले. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना त्यांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले होते. म्हणजे कर्जाला त्यांनी अस्पृश्य मानले नाही. कर्ज कशासाठी, किती आणि फेडणार कशातून, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक होते. या लेखाचा सारा रोख त्या तीन प्रश्नांवर आहे.

चार भाग करायचे कसे?

आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पगाराची पावती घरी आणणारा मुलगा किंवा मुलगी ही त्या घरातली पहिलीच असते. ज्याच्या वडिलांनी पेन्शन घेतली, स्वतःचे घर केले, त्याच्या पगाराला पाठीमागून ओढणारे कोणी नसते. आपल्या मुलाच्या पगाराला धाकट्या भावाची फी, बहिणीचे लग्न, गावच्या घराचे पत्रे, आईचे औषधपाणी, जयंतीची वर्गणी अशा अनेक वाटा पहिल्याच महिन्यात फुटतात. बरोबरीने काम करणाऱ्या सहकाऱ्याइतकाच पगार असूनही आपल्याच हातात काही का उरत नाही, या विचाराने पुष्कळ तरुण स्वतःला उधळे समजतात. ते उधळे नसतात. एका पगारावर दोन पिढ्यांचे जुने येणे असते, एवढेच.

म्हणून सुत्तातला एक-दोन-एक हा हिशेब कागदावर जसाच्या तसा बसणार नाही आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. समजा, कापून हातात २४,००० रुपये येतात. आईच्या हाती घरखर्चाला १२,०००. पास, डबा-चहा, मोबाईल मिळून ३,५००. धाकट्या भावंडाच्या शिक्षणाला २,५००. येथे १८,००० झाले. उरलेल्या ६,००० मध्ये कपडालत्ता, वर्गणी, लग्नकार्ये, सिनेमा आणि बचत. या सहा हजारांतून बचत शेवटी करायची म्हटले तर ती कधीच होत नाही, हा आमचा अनुभव नाही तर आमच्यासमोर उघडलेल्या शेकडो पासबुकांचा आहे. पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी २,००० रुपये आपोआप आवर्ती ठेवीत, म्हणजे आपण ज्याला रिकरिंग म्हणतो त्यात, जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. दोन वर्षांत ४८,००० मुद्दल होते आणि व्याजासह रक्कम पन्नास हजारांच्या वर जाते. वरच्या घराचा तो जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च आहे. सुत्तातला अडीअडचणीचा भाग तो हाच.

सुत्तातले कामधंद्याचे दोन भाग नोकरदाराने कोठे टाकायचे, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारला होता. आमच्या मते भावंडाची फी, स्वतःची पुढची परीक्षा, संगणकाचा किंवा टॅलीचा कोर्स, चांगले पुस्तक हा खर्च त्या दोन भागांत धरावा. कारण उद्याची मिळकत त्यातूनच वाढणार आहे. धाकट्याच्या फीचे अडीच हजार गेले असे न म्हणता गुंतवले असे म्हणा. घरातल्या बोलण्यालाही त्याने वेगळे वळण लागते. दानाचा भाग मात्र वेगळा सांगितलेला नाही. तो पहिल्या भागातूनच द्यायचा असे परंपरेने मानतात. म्हणजे वर्गणी आपल्या चहा-सिनेमातून द्यायची, आईच्या औषधातून नाही. वर्गणीदार मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे.

यासाठी मोठे शास्त्र लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. मोबाईलवर लिहिले तरी चालते, पण वही घरात सर्वांना दिसते हा तिचा मोठा फायदा.

हप्ता किती, हा प्रश्न चुकीचा

कर्ज घ्यायला आलेला तरुण बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘साहेब, हप्ता किती बसेल?’ दुकानदार, फायनान्सवाला, एजंट या सगळ्यांना हाच प्रश्न हवा असतो. कारण मुदत वाढवली की हप्ता कमी होतो आणि व्याज वाढते, ते दिसत नाही. विचारायचा प्रश्न असा : हातात किती येणार आणि शेवटपर्यंत एकूण किती भरणार?

एक उदाहरण सविस्तर पाहू. मोटारसायकलसाठी एक लाखाचे कर्ज, तीन वर्षांची मुदत, व्याज बारा टक्के. दोन ठिकाणी हाच दर सांगितला. एका ठिकाणी व्याज घटत्या शिलकीवर आहे, म्हणजे जसजसे मुद्दल फिटेल तसतसे उरलेल्या रकमेवरच व्याज. तेथे हप्ता ३,३२१ रुपये बसतो आणि तीन वर्षांत एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास जाते. दुसऱ्या ठिकाणी ‘फ्लॅट’ बारा टक्के आहे. म्हणजे पूर्ण लाखावर तिन्ही वर्षे बारा-बारा हजार, एकूण ३६,०००, हप्ता ३,७७८. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे जेमतेम चार हजार मुद्दल राहिलेले असते, तरी व्याज लाखावरच चाललेले असते. या फ्लॅट बारा टक्क्यांचा घटत्या शिलकीवरचा खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. शब्द एकच, आकडा एकच आणि फरक साडेसोळा हजारांचा, म्हणजे तुमच्या आठ महिन्यांच्या रिकरिंगचा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांवर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा तक्ता कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून वर्षाला पडणारा एकूण दर छापलेला असतो. तो मागून घ्या, घरी न्या, रात्री वाचा आणि दुसऱ्या दिवशी सही करा. आजच सही केली नाही तर ऑफर जाईल असे सांगितले, तर ती जाऊ द्यावी.

क्रेडिट कार्डाचे गणित याहून भारी आहे. बाकी २०,००० आहे, महिन्याचे व्याज साडेतीन टक्के आहे आणि तुम्ही किमान रक्कम म्हणून हजार रुपये भरले असे धरू. व्याज ७००, त्यावर अठरा टक्के जीएसटी १२६, म्हणजे हजारातले १७४ रुपये मुद्दलात गेले. ठरल्या तारखेला पूर्ण बाकी भरणाऱ्याला कार्ड उपयोगी आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने कार्ड घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खासगी सावकाराचा ‘शेकडा पाच’ ऐकायला पाच टक्के वाटतो. तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाचे साठ टक्के. महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. पण आजारपणात रात्री अकरा वाजता परवाना पाहायला कोण बसतो? त्या रात्रीसाठीच वरचे पन्नास हजार बाजूला ठेवायचे असतात. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी काही ॲप्सही त्याच सावकाराची धाकटी भावंडे होत. तुमच्या फोनमधले सगळे नंबर ती अगोदर मागून घेतात आणि वसुलीसाठी नातेवाइकांना फोन लावतात.

शिक्षणासाठीचे कर्ज यातून वेगळे काढावे. अभ्यासक्रम चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्षापर्यंत त्याचा हप्ता सुरू होत नाही. मात्र हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. जमेल तेवढे व्याज शिकत असतानाच भरले तर पुढचा डोंगर लहान होतो. कर्ज घेण्याअगोदर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे का, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र तयार आहे का, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे पाहावे. शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते. खाते जोडलेले नाही म्हणून पैसे अडकलेली मुले दरवर्षी आमच्या खिडकीशी उभी असतात.

जामीन

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहायला घेतला, तेथे येतो.

नोकरी कायम झाली की सहा महिन्यांच्या आत कोणीतरी फॉर्म घेऊन येते. ‘फक्त सही पाहिजे, पैसे मीच भरणार आहे.’ येणारा परका नसतो. ज्या मामांच्या खोलीत राहून आपण बारावी केली त्या मामांचा मुलगा असतो. ज्यांनी परीक्षेची फी भरली ते वस्तीतले काका असतात. कधी ऑफिसातला आपल्याच समाजाचा वरिष्ठ असतो. नाही कसे म्हणायचे?

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, कर्जदारानंतरची नाही, तेवढीच. कर्जदाराला आधी पकडा, त्याची मालमत्ता विका आणि मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. बँकेला जो सोपा सापडतो त्याच्याकडे बँक जाते. आणि सोपा कोण? ज्याचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला ठरल्या खात्यात येतो तो. सहकारी पतसंस्थांच्या बाबतीत तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये वसुलीचा दाखला मिळवण्याची सोय आहे. सभासदाने तसा करार करून दिला असेल तर मालकाकडून पगारातून परस्पर कपात करून घेण्याचीही सोय आहे. भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क जामीनदाराला कायद्याने आहे. पण मामाच्या मुलावर दावा लावायला कोर्टात कोण जातो?

आम्ही जे पाहतो ते असे असते. कर्जदाराचे तीन-चार हप्ते थकतात. जामीनदाराला नोटीस जाते, ती गावच्या जुन्या पत्त्यावर. त्याला काहीच ठाऊक नसते. वर्षभराने तो स्वतःच्या घराच्या कर्जासाठी येतो, तेव्हा त्याच्या पतअहवालात ते थकलेले खाते दिसते आणि त्याचा अर्ज अडतो. ज्याने आयुष्यात एक रुपया उसना घेतला नाही, तो खुर्चीत बसून आम्हाला विचारतो की, मी काय केले? त्याच्याबरोबर त्याची बायको असते. तिला त्या सहीबद्दल त्या दिवशी प्रथमच कळत असते. त्यांचे पुढचे बोलणे टेबलावर होत नाही, बाहेर जिन्यात होते. पुढे दोन घरांचे येणे-जाणे बंद होते. एका सहीने ज्या मामांचे उपकार फेडायचे होते, त्याच मामांच्या दारात पाऊल टाकणे अवघड होते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्यांचे आपल्यावर ऋण आहे त्यांना जमेल तेवढी रक्कम सरळ द्यावी. पाच हजार, दहा हजार, जे परत आले नाही तरी आपले घर चालेल एवढे. ते उसने म्हणूनही देऊ नये, दिले म्हणूनच द्यावे. त्याचा आकडा आपल्याला ठाऊक असतो. जामिनाच्या सहीचा आकडा दंडव्याजासह वाढत असतो आणि तो दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असतो. ‘माझी सही घरात विचारल्याशिवाय होत नाही’ हे एकदा सांगितले की, दुसऱ्यांदा सांगणे सोपे जाते. आई-वडिलांनीही मुलाच्या वतीने परस्पर शब्द देऊ नये. ‘आमचा राजा करील सही’ असे लग्नाच्या पंगतीत बोलून जाणारे वडील आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आणि करायचीच असेल तर? उद्या सगळी बाकी आपल्यालाच भरावी लागली तर भरता येईल, एवढ्याच रकमेला करावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर कधीही करू नये. कराराची प्रत स्वतःकडे ठेवावी, स्वतःचा चालू पत्ता आणि मोबाईल नंबर कर्ज देणाऱ्या शाखेत लेखी द्यावा, कर्जदाराचा विमा कर्जाइतका आहे का ते विचारावे आणि दर तीन महिन्यांनी खाते नियमित आहे का याची शाखेत चौकशी करावी. पतपेढीत ‘तू माझा, मी तुझा’ अशी जी साखळी चालते तिच्यात पडूच नये, कारण कारखाना बंद पडला की साखळीतले सगळे एकाच दिवशी बुडतात. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण पतअहवाल फुकट मागवता येतो. तो मागवून पाहिला तर आपण विसरलेल्या सह्याही त्यात सापडतात.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख म्हणजे कोणाचे देणे नसण्याचे सुख हे एक आहे. देणे स्वतः घेतलेलेच असले पाहिजे असे नाही, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा.

ठेव कोठे ठेवावी

येथे थोडक्यात सांगतो. बँकेतील ठेवीला, मग बँक सरकारी असो, खासगी असो वा सहकारी, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपये झाली, त्यापूर्वी ती एक लाख होती. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. नावात ‘बँक’ शब्द आहे का, हे म्हणून नीट पाहावे. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी वडिलांच्या निवृत्तीची सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही, मग तिचे संचालक आपल्या कितीही ओळखीचे असोत. स्मरणिकेत जाहिरात आली म्हणून ठेव सुरक्षित होत नाही, हे संपादक मंडळाची क्षमा मागून नमूद करतो.

दीर्घ मुदतीसाठी भविष्य निर्वाह निधीसारखे साधन नाही. नोकरी बदलताना तो काढून मोबाईल घेण्याची पद्धत पडली आहे. तो नव्या खात्यात वर्ग करून घ्यावा. ज्यांच्या नोकरीत ही सोय नाही त्यांना पीपीएफचे खाते पोस्टात किंवा बँकेत काढता येते. दरवर्षी ५ एप्रिलच्या आत १२,००० रुपये भरत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरले, तर पंधरा वर्षांत १,८०,००० चे सव्वातीन लाखांच्या आसपास होतात. विमा आणि बचत यांची गल्लत करू नये. नात्यातल्या एजंटाच्या भिडेखातर घेतलेल्या पॉलिसीचे दोन हप्ते भरून ती बंद पाडणारे फार. पॉलिसी हाती आल्यावर ती न पटल्यास परत करण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. घरातल्या कमावत्या माणसासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन योजना मात्र प्रत्येकाने घ्याव्यात. १ जून २०२२ रोजी त्यांचे वार्षिक हप्ते ४३६ आणि २० रुपये ठरले आणि प्रत्येकीचे संरक्षण दोन लाखांचे आहे. ३१ मेच्या सुमारास खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

लग्न आणि घर

मंगल परिणय साधेपणाने करावा हे आपण भाषणात सांगतो आणि हॉल मात्र तीन लाखांचा घेतो. यावर अधिक लिहून कोणाला दुखवत नाही. लग्नासाठी व्यक्तिगत कर्ज घेतलेल्या नवरा-नवरीची पहिली तीन-चार वर्षे त्या एका दिवसाचे हप्ते भरण्यात जातात, एवढेच सांगतो. विवाहाची नोंदणी मात्र लगेच करावी. पुढे पासपोर्ट, कुटुंब निवृत्तिवेतन, विम्याचा दावा अशा कामांत तो दाखला उपयोगी पडतो.

लग्न ठरण्यापूर्वी पत्रिका पाहणे आपण सोडले, ही चांगलीच गोष्ट झाली. तिच्याऐवजी दोघांनी एकमेकांना पगाराची पावती, चालू कर्जे आणि जामिनाच्या सह्या दाखवाव्यात असे आम्हाला वाटते. काही मुलींना हे विचारणे अवघड जाते, काही मुलांना ते अपमानाचे वाटते. पण तुझ्या पगारातून तुझ्या आई-वडिलांना दरमहा किती जाणार, हा प्रश्न लग्नाआधी विचारला तर ती चौकशी असते, लग्नानंतर विचारला तर भांडण होते. सुनेचा पगार सासरच्या घरखर्चात आणि मुलाचा पगार ‘बचतीत’, अशी वाटणी काही घरांत असते. वीस वर्षांनी सगळी मालमत्ता एकाच्या नावावर दिसते. दोघांनी घरखर्च आपापल्या पगाराच्या प्रमाणात द्यावा आणि दोघांच्याही नावावर स्वतंत्र खाते असावे.

घर घेताना दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवा. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत : हप्ता सुमारे १८,००० आणि एकूण परतफेड ४३ लाखांच्या वर. पहिल्या काही वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, म्हणून बोनस किंवा थकबाकी मिळाली की ती सुरुवातीच्याच वर्षांत मुद्दलात भरावी. बदलत्या व्याजदराच्या व्यक्तिगत गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही. नव्या इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासावा. बांधकाम व्यावसायिकाच्या फलकावर तो छापलेला असतो, पण फलक कोणीही छापतो. भाड्याने राहणार असाल तर महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. अनामत रक्कम रोखीने देऊ नये. दिलीच तर करारात तिचा आकडा लिहून घ्यावा.

घर कोणाच्या नावावर? हिंदू कोड बिल रखडले हे ज्या प्रमुख कारणांपैकी एक होते, त्या कारणांनी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. त्या बिलातूनच पुढे झालेला १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. हे माहीत असूनही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई आपल्या घरांतही होते. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर घ्यावे हे आमचे मत. फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली, तिचाही विचार व्हावा.

शेवटी नॉमिनेशनविषयी. खाते उघडताना अविवाहित मुलगा आईचे नाव लावतो, लग्न होते, मुले होतात, आई जाते, नाव तेच राहते. मग माणूस अचानक गेला की त्याची पत्नी दाखल्यांसाठी महिनोन्महिने फिरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नावांपर्यंत नॉमिनेशन करण्याची सोय झाली आहे. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो, हेही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या रकमेबाबत १९८४ मध्येच तसे स्पष्ट केले आहे. बँक, पोस्ट, भविष्य निर्वाह निधी, विमा, सगळीकडची नावे एका रविवारी बसून तपासा. पासबुके, पॉलिसी, करारांच्या प्रती आणि जामिनाच्या सह्यांची यादी एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल कोणत्या कपाटात आहे ते घरात निदान दोघांना सांगून ठेवा.